एका खेपेत वर्षाचा संसार

मार्च उजाडला की अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरून शेवटचं जहाज निघतं. समुद्र पुन्हा गोठू लागलेला असतो. जहाज आणखी काही दिवस रेंगाळलं, तर तेच बर्फात अडकायचं. विमानांची ये-जा त्याच्याही आधी थांबलेली असते. यानंतर नोव्हेंबर येईपर्यंत ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या भारताच्या दोन्ही संशोधन केंद्रांवर ना नवा माणूस येतो, ना नवी वस्तू. मागे राहिलेल्या प्रत्येकी वीस-पंचवीस माणसांना पुढचे आठ महिने केंद्रात जे आहे त्यावरच काढायचे असतात. पाण्याच्या पंपाचा पट्टा तुटला आणि जादा पट्टा कपाटात नसला, तर तो पैसे मोजूनही मिळत नाही.

पावसाळ्यात बाजार बंद, होड्या बंद, म्हणून कोकणात अगोटीच्या आधी तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा घरात भरून ठेवत. ध्रुवीय मोहिमेचं सारं व्यवस्थापन ही त्याच जातीची बेगमी आहे. फक्त या बेगमीत वीज, उष्णता, पाणी, औषधं आणि कचऱ्याची रिकामी पिंपंसुद्धा मोजून न्यावी लागतात. हा हिशेब मांडला जातो गोव्यात. वास्कोच्या हेडलँड सडा भागात, मुरगाव बंदराच्या वरच्या अंगाला, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे आणि भारताच्या मोहिमांची आखणी तिथूनच होते. १९८१च्या डिसेंबरात डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली तुकडी ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून गोव्याहूनच निघाली होती. ९ जानेवारी १९८२ रोजी ती अंटार्क्टिकावर उतरली.

आता माणसं आणि सामान बहुधा वेगवेगळ्या वाटांनी जातात. माणसं केपटाऊनला पोहोचतात. तिथून इल्यूशिन ७६ हे अवजड रशियन मालवाहू विमान साधारण सहा तासांत त्यांना नोवोलाझारेव्हस्काया या रशियन केंद्राजवळच्या धावपट्टीवर उतरवतं. ही धावपट्टी चक्क निळ्या, टणक बर्फाची असते. या भागात काम करणाऱ्या ११ देशांनी मिळून ही हवाई व्यवस्था उभी केली आहे. एकट्या देशाला तो खर्च झेपला नसता. सामान मात्र जहाजाने येतं, आणि खरी कसरत जहाज पोहोचल्यावर सुरू होते, कारण तिथे धक्का नाही. मैत्रीकडे जाणारं जहाज लागतं ते आइस शेल्फला, म्हणजे जमिनीवरून समुद्रात सरकत आलेल्या आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या प्रचंड लादीला. क्रेनने कंटेनर आणि इंधनाच्या टाक्या या लादीवर उतरवायच्या, त्या स्लेजवर चढवायच्या, आणि पिस्टनबुली नावाच्या रुंद पट्ट्यांच्या वाहनांनी सुमारे १०० किलोमीटर आत ओढत न्यायच्या. वाटेत भेगा असतात आणि त्यांच्यावर ताज्या बर्फाचा पातळ थर साचला की त्या दिसत नाहीत. त्यामुळे तांडा ठरलेल्या, खुणा केलेल्या मार्गानेच जातो. हवा बिघडली की जिथे असेल तिथे थांबतो, आणि वाहनाच्या केबिनमध्येच एक-दोन दिवस काढायची तयारी ठेवून निघतो. भारतीचं केंद्र मैत्रीपासून जवळपास तीन हजार किलोमीटर पूर्वेला, थेट समुद्रकाठी आहे. तिथे बरंचसं सामान हेलिकॉप्टरला टांगून उतरवतात. एकाच जहाजाला एकाच उन्हाळ्यात दोन्ही केंद्रांची कामं उरकायची असतात, म्हणून एक हिमवादळ चार दिवस लांबलं तरी पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

जहाजातून आधी काय उतरवायचं याबद्दल मात्र कोणाच्या मनात शंका नसते. इंधन. साधं डिझेल इथे चालत नाही. थंडीत त्यातलं मेण घट्ट होतं आणि इंजिनाच्या गाळण्या तुंबतात. म्हणून उणे ४७ अंशांपर्यंत न गोठणारं, विमानाला लागतं त्या जातीचं इंधन जनित्रांना आणि वाहनांना वापरतात. केंद्राचा श्वास या जनित्रांवर चालतो. वीज गेली की हीटर बंद. हीटर बंद पडले की नळातलं पाणी गोठतं, गोठलेलं पाणी फुगतं, नळ फुटतात. नळ एकदा फुटले की वीज परत आली तरी केंद्र पूर्ववत होत नाही. म्हणून जनित्रं कधीच एक नसतात आणि कोणी ना कोणी त्यांच्यावर अहोरात्र नजर ठेवून असतं. भारतीमध्ये जनित्रांची वाया जाणारी उष्णताच इमारत ऊबदार ठेवायला वापरली आहे. इंधनाच्या थेंबाथेंबाचा तिथे असा दुहेरी उपयोग होतो.

वीजघर गेलं तर काय होतं, ते रशियाच्या व्होस्तोक केंद्राने १९८२ मध्ये भोगलं. व्होस्तोक म्हणजे पृथ्वीवरच्या सर्वांत थंड वस्त्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी तिथे उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं. १२ एप्रिल १९८२ रोजी, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी, तिथल्या वीजघराला आग लागली आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. मदत पोहोचणं शक्यच नव्हतं. उरलेल्या २० जणांनी हाताशी असलेल्या भंगारातून शेगड्या तयार केल्या, मेणबत्त्या ओतल्या, एका खोलीत गर्दी करून ते राहिले आणि अख्खा हिवाळा त्यांनी तगून काढला. ध्रुवीय केंद्रांना थंडीपेक्षा आगीची धास्ती जास्त असते, ती यामुळे. हवा इतकी कोरडी की लाकूड-कापड चटकन पेट घेतं, आणि विझवायला पाणी म्हणाल तर बाहेर सगळं गोठलेलं. आगीचा सराव तिथे वरचेवर होतो. मुख्य इमारतीपासून दूर एक वेगळं आश्रयघर राखीव अन्न, कपडे आणि शेगड्या भरून तयार ठेवावं लागतं, तेही याच कारणाने.

दुसरा धोका दिसतही नाही. जानेवारी १९९० मध्ये नवव्या भारतीय मोहिमेचे चार सदस्य केंद्रापासून दूर, डोंगरातल्या तंबूत मुक्कामाला असताना कार्बन मोनॉक्साइड वायूने दगावले. थंडी आत येऊ नये म्हणून तंबू जितका घट्ट बंद करावा तितकी इंजिनाचा किंवा शेगडीचा धूर आत कोंडण्याची शक्यता वाढते. या वायूला वास नाही, रंग नाही. तंबूत हवा खेळती ठेवण्याच्या सूचना पुढच्या प्रत्येक तुकडीच्या प्रशिक्षणात इतक्या कडकपणे दिल्या जातात, त्यामागे ही चार माणसं आहेत.

पाण्याची गोष्ट तर चमत्कारिकच. जगातल्या गोड्या पाण्याचा बहुतांश साठा ज्या खंडावर आहे, तिथे प्यायचं पाणी मिळवणं हे रोजचं काम आहे. बर्फ वितळवायला इंधन लागतं, म्हणून वितळलेलं पाणी जवळ असेल तिथे केंद्र बांधणं शहाणपणाचं. मैत्रीची जागा त्याच हिशेबाने निवडली गेली. शिर्माकर ओअॅसिस हा सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा बर्फमुक्त खडकाळ टापू आहे आणि त्यात शंभराहून अधिक तळी आहेत. मैत्रीसमोरच्या तळ्याचं नाव प्रियदर्शिनी. हिवाळ्यात ते वरून गोठतं, पण खाली पाणी वाहतं राहतं आणि पंप तेच ओढतो. तळ्यापासून केंद्रापर्यंतचा नळ उष्णतारोधक आवरणात गुंडाळून ऊबदार ठेवावा लागतो. भारतीत समुद्राचं खारं पाणी पडद्यांतून दाबाने गाळून गोडं करतात. दोन्ही ठिकाणी पाणी म्हणजे वीज आणि वीज म्हणजे इंधन, त्यामुळे आंघोळ आणि कपडे धुणं यांना पाळ्या आणि मर्यादा असतात.

याउलट खडकावर बांधायची जागा निवडली नाही तर काय होतं, ते ‘दक्षिण गंगोत्री’ने शिकवलं. भारताचं हे पहिलं केंद्र तिसऱ्या मोहिमेने १९८३-८४च्या उन्हाळ्यात आइस शेल्फवर उभारलं. तिथे दरवर्षी बर्फ साचत गेला, इमारत खाली खाली दबत गेली, आणि काही वर्षांतच ते सोडून द्यावं लागलं. डॉ. अदिती पंत आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झालेल्या पहिल्या महिला याच तिसऱ्या मोहिमेत होत्या. अदिती पंत मूळच्या नागपूरच्या, सागरविज्ञानाच्या अभ्यासक. तंबू ठोकणं, सामान उतरवणं ही कामं तेव्हा शास्त्रज्ञांनाही चुकलेली नव्हती, आणि आजही चुकलेली नाहीत.

आता स्वयंपाकघर. मोहिमेतल्या कोणत्याही अनुभवी माणसाला विचारा, नेत्याखालोखाल महत्त्वाचा माणूस कोण? उत्तर बहुधा ‘स्वयंपाकी’ असंच येईल. बाहेर अंधार, तीच माणसं, तेच चेहरे. दिवसात वाट पाहावी असं जे काही उरतं ते ताटात असतं. डाळ, तांदूळ, कणीक, साखर, मसाले, दुधाची पावडर, लोणची हे सगळं वर्षभराचं येतं, शिवाय पुढचं जहाज वेळेवर पोहोचलं नाही तर म्हणून जादाही येतं. पण साठवणीत खरं कौशल्य लागतं ते दोन परस्परविरुद्ध गरजांमुळे. मांस, मासळी, मटार गोठलेलेच राहायला हवेत. बटाटे, कांदे, अंडी मात्र गोठता कामा नयेत. गोठलेला बटाटा वितळला की पाणचट लगदा होतो, अंडं गोठलं की कवच तडकतं. म्हणजे अंटार्क्टिकावर बटाट्याला ऊब द्यावी लागते! आणि उन्हाळ्यात मैत्रीच्या काळ्या खडकांवर पारा शून्याच्या वर चढतो, तेव्हा गोठवलेल्या मांसाला वीज जाळून थंडावा द्यावा लागतो. कोणता खोका कोणत्या कंटेनरमध्ये आणि किती खोल, याची यादी चुकली तर ऐन हिवाळ्यात वाऱ्यात उभं राहून फावड्याने कंटेनरचं दार मोकळं करायचं आणि आत हवी ती वस्तू नाहीच, असं होतं.

ताजी भाजी जहाजाबरोबर संपत जाते. आधी पालेभाज्या जातात, मग टोमॅटो, मग फळं. कोबी, कांदा, बटाटा सर्वांत शेवटी. हिरवं काही उगवून खावं ही ओढ सगळ्याच देशांच्या तळांवर दिसते, पण बाहेरची माती तिथे आणता येत नाही. जर्मनीच्या नॉयमायर ३ केंद्राजवळ २०१८ मध्ये एका बंद कंटेनरात मातीशिवाय, मुळांवर पोषक द्रव फवारून आणि दिव्यांच्या उजेडात भाजी पिकवली गेली. साडेबारा चौरस मीटर जागेत त्या हंगामात २६८ किलो लेट्यूस, काकडी, टोमॅटो वगैरे निघाले. हिवाळ्यात अडकलेल्या दहाजणांच्या तुकडीला त्या काकडीची किंमत काय वाटली असेल, ते किलोत सांगता येत नाही.

स्वयंपाक स्वयंपाक्याचा, पण भांडी, झाडलोट, पाणी, बर्फ उपसणं ही कामं सर्वांची. पाळीने प्रत्येकाचं नाव लागतं आणि त्यातून नेता सुटत नाही, डॉक्टर सुटत नाही, पीएच.डी. झालेला शास्त्रज्ञही सुटत नाही. मला ही पाळी मोहिमेतल्या कोणत्याही उपकरणाइतकीच महत्त्वाची वाटते. आठ महिने जिथे पर्यायच नाही तिथे एकाने धुवायचं आणि दुसऱ्याने खायचं अशी विभागणी झाली, तर तुकडी आतून फुटायला वेळ लागत नाही.

बाहेर पडण्याचीही शिस्त आहे. कोण, कुठे, किती वाजता आणि कधी परतणार हे लिहून जायचं, वॉकीटॉकी न्यायचा, एकट्याने लांब जायचं नाही. हिमवादळात हात लांब केला तर पंजा दिसत नाही. दोन इमारतींमध्ये पन्नास पावलांचं अंतर असलं तरी बांधलेला दोर धरूनच जायचं. अशा हवेतही हवामान विभागाच्या माणसाला ठरलेल्या वेळी नोंदी घ्याव्याच लागतात, कारण ती नोंद त्याच घटकेला जगभरातल्या नोंदींशी जुळवली जाते. नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं मैत्रीवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक बदल टिपतात. त्यांच्याजवळ जाताना किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, चाकू असं सारं लोखंड उतरवून ठेवायचं. ही उपकरणं केंद्रातल्या यंत्रांच्या गोंगाटापासून मुद्दाम दूर बसवलेली असतात, म्हणजे वाऱ्यातली पायपीट आलीच.

माणसं निवडताना प्रकृती पारखतात. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये वैद्यकीय आणि मानसिक तपासणी होते. मग उत्तराखंडात औली इथे इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या देखरेखीखाली बर्फावर चालणं, दोर बांधणं, भेगेत पडलेल्याला वर काढणं शिकवतात. इतकी चाळण लावूनही आजार येतोच, आणि तेव्हा केंद्रातला डॉक्टरच सर्वकाही असतो. मैत्रीपासून चार-पाच किलोमीटरवर असलेल्या नोवोलाझारेव्हस्कायात लिओनिद रोगोझोव्ह या २७ वर्षांच्या शल्यचिकित्सकाला १९६१च्या एप्रिलमध्ये अपेंडिक्सचा तीव्र त्रास सुरू झाला. केंद्रावर दुसरा डॉक्टर नव्हता, वादळामुळे विमान येणं अशक्य होतं. ३० एप्रिलच्या रात्री त्याने फक्त पोटाची कातडी बधिर करून स्वतःवरच शस्त्रक्रिया केली. हवामानशास्त्रज्ञ हत्यारं हातात देत होता, वाहनांचा मेकॅनिक आरसा धरून उभा होता. आरशातली उलटी प्रतिमा गोंधळात टाकत होती म्हणून बराच भाग त्याने बोटांच्या स्पर्शानेच उरकला. पावणेदोन तास लागले. दोन आठवड्यांनी तो कामावर रुजू झाला. या कथेत रोगोझोव्हचं धैर्य सगळे सांगतात. आरसा धरणाऱ्या मेकॅनिकचाही उल्लेख व्हायला हवा, कारण अशा मुलखात प्रत्येकाला आपल्या विद्येबाहेरचं काम कधीतरी करावंच लागतं.

मेच्या अखेरीपासून सुमारे दोन महिने मैत्रीवर सूर्य क्षितिजावर येत नाही. झोपेची घडी विसकटते, विस्मरण वाढतं, क्षुल्लक गोष्टीवरून आवाज चढतात. यावर उपाय म्हणजे बांधलेला दिवस. जेवण ठरलेल्या वेळी, सर्वांनी एकत्र. कामाची पाळी, व्यायाम, सण. २१ जूनला, सर्वांत काळोख्या दिवशी, खंडावरची सगळी केंद्रं मध्यहिवाळा साजरा करतात आणि एकमेकांना शुभेच्छापत्रं पाठवतात. आता उपग्रहामुळे घरी बोलता येतं. पूर्वी रेडिओवर तुटक वाक्यं आणि टपाल यांवर भागवावं लागे. टपाल मात्र अजूनही आहे. दक्षिण गंगोत्रीत १९८४ मध्ये टपाल कार्यालय उघडलं, पुढे ते मैत्रीवर गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये भारतीवरही सुरू झालं. हे सारं महाराष्ट्र टपाल मंडळाच्या गोवा विभागात मोडतं. जगभरातले संग्राहक गोव्याला पत्रं पाठवतात, ती मोहिमेबरोबर तिकडे जातात, शिक्का बसून परत येतात.

इस्रोच्या मंगला मणी यांनी २०१६-१७ मध्ये भारतीवर ४०३ दिवस काढले, तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या आणि २३ जणांच्या तुकडीत एकट्या महिला. उपग्रहांकडून येणारी माहिती भारतीतल्या तबकड्यांनी उतरवून भारतात पाठवणं हे त्यांचं काम. ध्रुवावरून जाणारे उपग्रह दिवसातून कितीतरी वेळा त्या आकाशातून जातात, म्हणून हे काम अहोरात्र चालतं. भारती ही इमारतच मुळी १३४ मालवाहू कंटेनर जोडून उभारलेली आहे. ज्या पेटाऱ्यातून सामान न्यायचं तोच भिंत म्हणून वापरायचा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

जाताना जितकं नेलं, त्यातलं न संपलेलं जवळपास सगळं परत आणावं लागतं. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणाचं रक्षण करणारा १९९१चा माद्रिद करार १९९८पासून लागू आहे आणि त्याचा परिणाम गोव्यातल्या पॅकिंगपासूनच जाणवतो. थर्मोकोलच्या गोळ्यांचं वेष्टण तिथे नेता येत नाही. निर्जंतुक न केलेली माती नेता येत नाही, कीटकनाशकं नेता येत नाहीत. सोललेल्या कोंबड्यांचीही रोगासाठी तपासणी लागते, कारण पेंग्विनना कोंबडीचा आजार लागू शकतो. १ एप्रिल १९९४पर्यंत स्लेज ओढणारे सगळे कुत्रेसुद्धा खंडाबाहेर काढावे लागले. रिकामे डबे, जुन्या बॅटऱ्या, वंगणाचं तेल, भंगार, राख असं सारं प्रकारवार पिंपांत भरून, मोजून, त्यावर लिहून परतीच्या जहाजाची वाट पाहत ठेवतात.

त्याच जहाजात आणखी एक माल चढतो, आणि त्याच्यासाठी कॅप्टनपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळे जागे असतात. तो माल म्हणजे बर्फाच्या कांड्या. छिद्रयंत्राने बर्फात खोल जाऊन काढलेल्या या दंडगोल कांड्यांमध्ये शेकडो वर्षांची धूळ, क्षार आणि रासायनिक खुणा थराथराने जपलेल्या असतात. कांडी किंचित जरी वितळली तरी थर एकमेकांत मिसळतात आणि त्यातला काळ वाचता येत नाही. जो खंड थंडीने मारतो तिथला हा माल थंडीशिवाय मरतो. म्हणून शीतकंटेनरांत तो उणे २० अंशांच्या आसपास राखत दक्षिण महासागर, विषुववृत्ताचा उकाडा आणि अरबी समुद्र ओलांडून आणावा लागतो. दर पाळीला कोणीतरी जाऊन तापमान पाहतो, नोंद करतो, प्लग जागेवर आहे ना ते चाचपतो. बंदरात उतरल्यावर कंटेनरची वीज बदलताना जो खंड पडतो तोही मिनिटांत मोजलेला असतो. मग वास्कोच्या दमट दुपारी, जाड जाकिटं घालून काही माणसं हेडलँड सड्यावरच्या उणे २० अंशांच्या खोलीत त्या कांड्या मांडून ठेवतात आणि करवतीने पहिला काप घेतात.